टाक्याचे डॉक्टर : विठ्ठल नागेश शिरोडकर



पिशवीला टाका घातला आहे, असे एखाद्या गरोदर बाईविषयी कळले की आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या कुठल्याही वस्तीत फार स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. आजीला कळते, शेजारणीलाही कळते. आधी एक-दोन मुले चौथ्या-पाचव्या महिन्यात गेली, आता डॉक्टरांनी गर्भपिशवीचे तोंड बांधून ठेवले आहे, पाण्याची कळशी उचलायची नाही, एवढा सगळा अर्थ त्यात येतो. मात्र हा टाका ज्यांनी जगाला दिला ते डॉक्टर आपल्याच गोव्या-मुंबईकडचे होते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. इंग्लंड-अमेरिकेच्या वैद्यकीय पुस्तकांत आजही त्या शस्त्रक्रियेला शिरोडकर हेच नाव आहे. तिकडच्या विद्यार्थ्यांना ते धड उच्चारता येत नाही, पण पाठ करावे लागते.

त्यांचे चरित्र या रविवारी निवडण्याला आणखी एक कारण आहे. ज्यांना मूल होत नाही किंवा झालेला गर्भ टिकत नाही, अशा जोडप्यांच्या फाइलमध्ये अलीकडे आणखी एक कागद दिसू लागला आहे. तो गुणसूत्रांच्या तपासणीचा अहवाल. रक्त इथे काढतात, नळी अनेकदा पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत जाते, दोन-तीन आठवड्यांनी इंग्रजी अक्षरे आणि आकडे असलेला कागद येतो. तो वाचता न आल्यामुळे घराघरांत काय काय घडते ते आम्ही ऐकत आलो आहोत. टाका आणि हा कागद, दोन्हींचा प्रश्न एकच : मूल का राहिले नाही? डॉ. शिरोडकरांनी त्या प्रश्नाच्या एका भागाचे उत्तर शोधले. उरलेल्या भागाची उत्तरे त्यांच्या डोळ्यांदेखत जगात दुसरीकडे शोधली जात होती.

विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ साली गोव्यातील शिरोडा या गावी झाला. आडनाव गावावरूनच आले. (शिरोडे नावाचे दुसरे गाव सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळ आहे, मिठाच्या सत्याग्रहामुळे गाजलेले. ते वेगळे, हे फोंडा तालुक्यातले.) गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. पणजीला वैद्यकीय शाळाही होती, परंतु ब्रिटिश हद्दीत काम करायचे तर मुंबईची पदवी हवी, म्हणून अनेक गोवेकर मुलगे मुंबईची वाट धरत. विठ्ठलरावांचे सुरुवातीचे शिक्षण हुबळीला झाले आणि पुढे ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. १८४५ साली सुरू झालेले हे कॉलेज आणि त्याला जोडलेले भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय, हीच पुढे त्यांची कर्मभूमी ठरली. १९२७ साली त्यांनी प्रसूती व स्त्रीरोगशास्त्रात एम. डी. केले, नंतर इंग्लंडला जाऊन १९३१ साली एफ. आर. सी. एस. मिळवली आणि परत येऊन जे. जे. मध्ये रुजू झाले. १९४० च्या सुमारास ते तिथे प्राध्यापक झाले होते.

त्या काळच्या प्रसूती-वॉर्डाची कल्पना आज करणे कठीण आहे. रक्तपेढ्या नुकत्या सुरू होत होत्या, पेनिसिलिन यायचे होते, सोनोग्राफी तर कोणाच्या स्वप्नातही नव्हती. पोटातल्या बाळाविषयी डॉक्टरला जे कळायचे ते हाताने चाचपून आणि बाईला विचारून. अशा वॉर्डात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या काही स्त्रिया असत. दिवस जात, चार-पाच महिने सगळे सुरळीत चाले, मग फारशा कळा न येता पाणी जाई आणि बोटभर जीव बाहेर येई. कधी कधी तो श्वासही घेई. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. वैद्यकाच्या पुस्तकात अशा स्त्रीला जो शब्द होता त्याचा अर्थ गर्भपाताची सवय असलेली असा होई. जणू तिने ती सवय लावून घेतली होती! घरी तर तिच्यासाठी त्याहून वाईट शब्द होते. नवस होत, गंडेदोरे होत आणि शेवटी नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी होत.

उपचार म्हणून काय होते? पडून राहायचे, जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्यायच्या आणि संप्रेरकांची इंजेक्शने. अमेरिकेत तर स्टिलबेस्ट्रॉल नावाचे कृत्रिम संप्रेरक गर्भ टिकावा म्हणून लाखो स्त्रियांना दिले गेले. १९५३ साली शिकागोच्या मोठ्या चाचणीत ते काहीच उपयोगाचे नाही असे दिसले, तरी ते देणे चालूच राहिले. १९७१ साली त्या स्त्रियांच्या पोटी आलेल्या मुलींमध्ये एक दुर्मीळ कर्करोग दिसू लागला, तेव्हा कुठे अमेरिकन सरकारने गरोदरपणात ते देऊ नये असा इशारा दिला. कारण न शोधता औषध देण्याची किंमत पुढच्या पिढीने मोजली.

डॉ. शिरोडकरांनी औषधाच्या आधी कारण शोधले, आणि ते फार साध्या मार्गाने शोधले. कोणत्या महिन्यात गर्भ पडला, कळा आधी आल्या की पाणी आधी गेले, याची नीट चौकशी करायची. मग ती बाई पुन्हा गरोदर राहिली की ठराविक दिवसांनी तिची आतून तपासणी करत राहायचे. गर्भाशयाचे तोंड म्हणजे पिशवीची मान. नऊ महिने ती घट्ट मिटलेली असते आणि बाळंतपणाच्या कळांनीच उघडते. शिरोडकरांच्या बोटांना काही स्त्रियांमध्ये ती मान चौथ्या-पाचव्या महिन्यातच, कळांशिवाय, सैल होत चाललेली जाणवली. बाळात दोष नव्हता. आईच्या रक्तातही नव्हता. पिशवी भरत आली की वजन खालच्या तोंडावर येई आणि ते तोंड धरून ठेवू शकत नसे, एवढेच. धान्याच्या पोत्याचे तोंड नीट शिवले नसेल तर धान्यात खोट काढून काय उपयोग?

ही शंका त्यांच्या आधी काहींना आलेली होती. १९४८ साली पॅरिसला आणि १९५० साली अमेरिकेत अशा शस्त्रक्रिया झाल्या होत्या, पण त्या बाई गरोदर नसताना करायच्या. शिरोडकरांचे धाडस हे की त्यांनी गरोदर बाईवर, पोटात बाळ असताना, शस्त्रक्रिया केली. बाईच्या मांडीच्या स्नायूंवर एक पांढरे, चिवट आवरण असते. त्याची अरुंद पट्टी काढायची. मूत्राशय हलकेच वर सरकवून मानेपर्यंत पोचायचे, पुढून आणि मागून छोटा छेद घ्यायचा आणि ती पट्टी अस्तराखालून, मानेच्या अगदी वरच्या टोकाशी, अंगठीसारखी फिरवून बांधायची. बाईच्याच अंगातली पट्टी असल्यामुळे शरीर ती नाकारत नसे. पुढे मांडीच्या पट्टीऐवजी पॉलिस्टरची फीत आली. आज साधारण १२ ते १४ व्या आठवड्यात टाका घालतात आणि ३६-३७ व्या आठवड्यात कापून काढतात.

१९५५ साली मद्रासहून निघणाऱ्या अँटिसेप्टिक नावाच्या मासिकात त्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला. लंडनच्या बड्या नियतकालिकाची वाट त्यांनी पाहिली नाही, याचे आम्हांला कौतुक वाटते. तरीही बातमी काही वर्षांतच जगभर पोचली. १९५७ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या डॉ. मॅकडोनाल्ड यांनी त्याचीच सोपी आवृत्ती काढली : छेद न घेता, बटव्याची नाडी ओढावी तसा बाहेरून टाका. आपल्याकडे आज पुष्कळदा घातला जातो तो हाच. पण मान फारच आखूड असेल किंवा सोपा टाका निसटला असेल, तर डॉक्टर शिरोडकरांच्या मूळ पद्धतीकडे वळतात.

लेखाच्या शीर्षकातच शिरोडकरांनी एक मर्यादा घालून ठेवली होती, तिच्याकडे मात्र पुढे दुर्लक्ष झाले. ही पद्धत गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भासाठी आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले होते. टाका प्रसिद्ध झाला आणि तो सरसकट घातला जाऊ लागला. १९९३ साली ब्रिटनच्या पुढाकाराने अनेक देशांत झालेली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तीत १,२९२ स्त्रिया होत्या. डॉक्टरांना जिथे शंका होती अशा स्त्रियांना टाका घातला, तर २५ जणींमागे एकीचेच अकाली बाळंतपण टळले. पण ज्यांची तीन किंवा अधिक बाळंतपणे अशी अवेळी झाली होती, त्यांना मात्र ठळक फायदा दिसला. म्हणजे नेमकी कोणती बाई, हे ओळखणे टाका घालण्याइतकेच महत्त्वाचे. आता सोनोग्राफीत मानेची लांबी मोजता येते. आधी अवेळी बाळंतपण झालेल्या बाईची मान २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर टाक्याचा विचार करतात. शिरोडकर हेच काम बोटांनी करीत.

त्यांचे बाकीचे कामही याच वृत्तीचे होते. तरुण स्त्रीचे अंग बाहेर येऊ लागले की पिशवी काढून टाकण्यापेक्षा तिला पट्ट्यांच्या झोळीने वर बांधण्याची शस्त्रक्रिया त्यांनी बसवली, कारण तिला अजून मुले हवी असतील. बीजवाहिन्या बंद झाल्यामुळे मूल न होणाऱ्या स्त्रियांच्या नळ्या उघडण्याच्या शस्त्रक्रियांवरही त्यांनी पुष्कळ काम केले. १९६० साली त्यांचे पुस्तक एडिंबरोच्या प्रकाशकांनी काढले आणि त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

इथे थोडे थांबून आपल्याच धर्मप्रांतातल्या बीड जिल्ह्याची आठवण करून देणे भाग आहे. २०१९ साली सरकारी समितीने तिथल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली आढळली, त्यांत कितीतरी जणी तरुण होत्या. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की मजुरी बुडते, पांढरे जाते म्हणून दवाखान्यात गेले की कर्करोगाची भीती घालतात, आणि पिशवी जाते. पिशवी वाचवण्यात ज्यांनी हयात घालवली, त्या सर्जनाच्याच राज्यात हे घडले.

आता उरलेल्या भागाकडे वळू. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पडणाऱ्या गर्भांचे काय? अकाली पडणाऱ्या गर्भांत त्यांचीच संख्या मोठी असते आणि तिथे टाका काहीच करू शकत नाही. शिरोडकरांचा लेख आला तेव्हा माणसाच्या पेशीत गुणसूत्रे किती, हेसुद्धा जगाला नक्की माहीत नव्हते. तीस वर्षे पुस्तकांत ४८ छापले जात होते. १९५६ साली स्वीडनमधील लुंड येथे जावा बेटावर जन्मलेले ज्यो हिन त्यिओ आणि त्यांचे सहकारी अल्बर्ट लेवान यांनी नीट मोजून ४६ असल्याचे दाखवले. १९५९ साली पॅरिसमध्ये डॉ. जेरोम लेजेन व सहकाऱ्यांनी डाऊन सिंड्रोमच्या मुलांत २१ व्या क्रमांकाचे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते हे प्रसिद्ध केले. त्यानंतर काही वर्षांत कॅनडातील डॉ. कार यांनी पडलेले गर्भ तपासले आणि त्यांतल्या पुष्कळांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली आढळली. आज आपण जाणतो की पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भ याच कारणाने पडतात. स्त्रीबीज किंवा शुक्रजंतू तयार होताना वाटणी चुकते, एखादे गुणसूत्र जास्त जाते किंवा कमी पडते. हा बहुधा योगायोग असतो. आईचे वय वाढते तसा तो अधिक घडतो. पपई खाल्ल्याने, गाडीवरून गेल्याने, ग्रहणात बाहेर पडल्याने किंवा सासूशी भांडल्याने तो घडत नाही.

१९७१ साली डॉ. शिरोडकरांना पद्मविभूषण जाहीर झाले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. योगायोग असा की त्याच वर्षी इंग्लंडमधील सॉल्सबरी येथील मरिना सीब्राइट या बाईंनी गुणसूत्रांवर पट्टे उमटवण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली. ती थोड्याफार फरकाने आजही प्रयोगशाळांत चालते. आपल्या जोडप्यांच्या हातात येणारा कागद तिच्यातूनच तयार होतो, म्हणून ती थोडी समजून घेऊ.

हेपॅरिन घातलेल्या नळीत रक्त घेतात. त्यातल्या पांढऱ्या पेशी एरवी स्वस्थ असतात. घेवड्याच्या बियांतून मिळणारे एक द्रव्य घातले की त्या विभागू लागतात. तीन दिवस त्यांना ऊब देतात. मग त्यांचे विभाजन ऐन मध्यावर थांबवायचे असते, कारण गुणसूत्रे तेव्हाच जाडजूड, सुटी दिसतात. त्यासाठी कॉल्चिसिन किंवा त्याच्यासारखे औषध वापरतात. हे कॉल्चिसिन आपल्या रानातल्या कळलावीच्या कंदातही असते. कंद विषारी आहे, कोणी हात लावू नये! पुढे पेशी पाण्याने फुगवतात, काचेवर पसरतात, ट्रिप्सिनने हलकेच पचवून रंगवतात. प्रत्येक गुणसूत्रावर काळे-पांढरे पट्टे उमटतात. तज्ज्ञ साधारण २० पेशी पाहतो, जोड्या लावतो आणि निष्कर्ष लिहितो. यंत्र मदत करते, पण नजर माणसाचीच लागते.

कागदावरचा पहिला आकडा म्हणजे एकूण गुणसूत्रे. पुढची दोन अक्षरे स्त्री-पुरुषाची. बायकोचा अहवाल ४६, एक्सएक्स आणि नवऱ्याचा ४६, एक्सवाय असला तर मोठा दोष नाही. याचा अर्थ दोघांत काहीच कारण नाही असा होत नाही. थायरॉइड, साखर, रक्तात गुठळ्या करणारी प्रतिपिंडे, पिशवीतला पडदा यांतले काहीही या तपासणीत दिसत नाही. पट्ट्यांपेक्षा लहान दोषही दिसत नाहीत.

नवऱ्याच्या कागदावर ४७, एक्सएक्सवाय आले तर वीर्यात शुक्रजंतू नसण्याचे कारण मिळाले. ज्या पुरुषांच्या वीर्यात शुक्रजंतूच नसतात, त्यांच्यात शंभरातील दहा ते पंधरा जणांच्या गुणसूत्रांत दोष आढळतो, आणि हा त्यांतला मुख्य. असा माणूस धडधाकट असतो, शेती करतो, नोकरी करतो. शाळेत, कवायतीत, कुठे काही जाणवलेले नसते. आपल्याकडे मात्र बायकोच्या दहा तपासण्या होतात, गंडे-नवस होतात आणि नवऱ्याच्या वीर्याची साधी तपासणीसुद्धा सहा-सात वर्षांनी होते. पुरुषाने आधी तपासणी करावी, कारण ती सोपी आहे, स्वस्त आहे आणि दुखत नाही. एवढे सांगूनही काही जण येत नाहीत.

सर्वांत जास्त घबराट ४५ या आकड्याने होते. एक कमी! पण त्यापुढे आर-ओ-बी अशी अक्षरे आणि कंसात १३ व १४ असे आकडे असतील तर काही हरवलेले नाही. १३ वे आणि १४ वे गुणसूत्र एकमेकांना चिकटून एक झाले आहे, माल सगळा तेवढाच आहे. अशा तऱ्हेची जोडणी हजारात सुमारे एका माणसात असते. दुसरा प्रकार टी या अक्षराने सुरू होतो. त्यात दोन गुणसूत्रांनी आपापले तुकडे बदललेले असतात. चर्चच्या कचेरीत बाप्तिस्म्याची आणि विवाहाची अशा दोन नोंदवह्या आहेत आणि बांधणी करताना दोघींची शेवटची पन्नास पाने अदलाबदल झाली असे समजा. दोन्ही वह्या कचेरीत आहेत तोवर एकही नोंद हरवलेली नाही. पण त्यांतली एकच वही दुसऱ्या गावी गेली, तर तिथे काही नोंदी कमी आणि काही भलत्याच निघतील. अशा माणसाची प्रकृती ठणठणीत असते. मूल होताना मात्र कधी सरळ जोडी जाते, कधी दोन्ही बदललेल्या वह्या बरोबर जातात आणि मूल चांगले निपजते. कधी एकच बदललेली जाते आणि गर्भ पडतो, किंवा क्वचित दोष असलेले मूल जन्मते. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांपैकी शंभरात दोन ते पाच जोडप्यांत असा प्रकार आढळतो. तो नवऱ्यात असू शकतो, बायकोतही असू शकतो. म्हणून रक्त दोघांचे घ्यावे लागते.

याउलट काही शब्द वाटतात भयंकर आणि असतात निरुपद्रवी. नवव्या गुणसूत्राचा मधला भाग उलटा बसलेला असणे हा त्यांतला नेहमीचा. अहवालात इन्व्हर्शन असा शब्द येतो. शंभरात एक-दोन निरोगी माणसांत तो असतो आणि तो गर्भपाताचे कारण मानला जात नाही. काही गुणसूत्रांचे रंगीत भाग किंवा शेपट्या लांब-आखूड असतात, तेही तसेच. हे वाचून कोणी घाबरवले तर कागद जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना दाखवावा.

पडलेल्या गर्भाचीही तपासणी करता येते, आणि पुष्कळदा तीच जास्त बोलकी ठरते. तिथे दोन गोष्टी हातातून निसटतात. पहिली : गर्भाचा अंश फॉर्मलिनमध्ये टाकला की पेशी मरतात आणि वाढवून करायची तपासणी होऊच शकत नाही. तो सलाइनच्या पाण्यात, लगेच पाठवावा लागतो. हे दवाखान्यात आधीच सांगून ठेवावे. दुसरी : अहवाल ४६, एक्सएक्स आला तर तो मुलीचा असेल किंवा मिसळलेल्या आईच्याच पेशींचा असेल. चांगली प्रयोगशाळा हे ताडून पाहते. जादा गुणसूत्र आढळले, तर दुःख कमी होत नाही, पण त्या वेळेचे कारण कळते. पुढच्या वेळी तेच घडेल असे नसते. गर्भवती स्त्रीच्या पोटातील पाण्याची तपासणी केली तर कायद्याने मुलगा-मुलगी सांगत नाहीत. १९९४ चा कायदा त्यासाठीच आहे. कोणी त्यासाठी आग्रह धरू नये.

या कागदाचा आणखी एक दुरुपयोग होतो, त्याविषयी बोलले पाहिजे. अहवालात काही निघाले की सून माहेरी पाठवली जाते, लग्न रद्द होईल का अशी चौकशी फादरांकडे येते. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायद्यातील कलम १०८४ सांगते की मूल न होणे हे लग्नाला आडही येत नाही आणि लग्न रद्दही करीत नाही. आधी ठाऊक असूनही फसवून लपवले असेल तर तो वेगळा प्रश्न. पण ज्याच्या बाबतीत रक्त तपासेपर्यंत कोणालाच काही माहीत नव्हते, त्याने कोणाला फसवले? आपल्या पेशीतली गुणसूत्रे कोणी निवडून घेतलेली नसतात.

काही डॉक्टर प्रयोगशाळेत गर्भ तयार करून, तपासून, चांगला तेवढा ठेवण्याचा मार्ग सुचवतात. ख्रिस्तसभेने १९८७ च्या सूचनापत्रात प्रयोगशाळेतील गर्भधारणेला मान्यता दिलेली नाही, हे आपल्या जोडप्यांनी आधीच जाणून घ्यावे. शिवाय तुकडे बदललेल्या जोडप्यांपैकी बहुतेकांना, एक-दोन गर्भ गेले तरी, पुढे नैसर्गिकरीत्या निरोगी मूल होते, हेही डॉक्टरांना विचारून घ्यावे. वारंवार गर्भ पडणाऱ्या निम्म्या जोडप्यांत तर काहीच कारण सापडत नाही आणि त्यांतही बहुतेकांना पुढे मूल होते.

घाटीत किंवा कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना घरून एक कागद लिहून न्यावा. प्रत्येक खेपेला किती आठवडे झाले होते, सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले होते का, कळा आधी आल्या की पाणी आधी गेले, गर्भ तपासायला पाठवला होता का, एवढे त्यात असावे. जे. जे. मध्ये डॉ. शिरोडकर हेच विचारीत आणि आजचा तज्ज्ञही आधी हेच विचारतो. दोन्हीकडच्या आत्या-मावश्यांची, काकांची किती मुले गेली हेही आठवून लिहावे. तुकड्यांची अदलाबदल निघाली तर त्या माणसाच्या सख्ख्या भावाबहिणींनाही रक्त द्यायला सांगतात, कारण त्यांच्यातही ती असण्याची शक्यता निम्मी असते आणि त्यांची लग्ने कदाचित अजून व्हायची असतात.